रवण

कोंबडीला रवणीला बसवायचं, त्याच पहाटे
रिओनीच्या काठावरून कोल्हा आला आणि ती खुडूक घेऊन गेला.
टोपलीत उरली सतरा अंडी.
एतेरी म्हणाली, तवा तापवते.
मी म्हणालो, थांब.
गार जागी ठेवली तर अंडी आठवडाभर धीर धरतात.
माझ्याकडे मोडक्या फ्रिजचं खोकं आहे, चाळीसचा दिवा आहे,
ऊब मोजणारा तीन पायांचा किडा आहे,
आणि अठ्ठावीस पायांची एकसारख्या दोन चिपांची जोडी,
कोऱ्या करकरीत.
त्यातल्या एकीला एवढंच सांगायचं आहे:
साडेसदतीसच्या वर गेलं की दिवा बंद, खाली आलं की चालू.

सांगायचं कसं?
चिपच्या कानात बोलायला प्रोग्रॅमर लागतो.
तयार मिळतो, अंगठ्याएवढा, निळा,
दोन खाचापुरींच्या पैशात,
पण यायला एकवीस दिवस.
एवढ्यात तर कोंबडी पिल्लं काढते, एतेरी म्हणाली.
तरी मागवून ठेवला.

मग म्हटलं, घरीच करू.
आकृती सोपी होती. एक चिप, एक स्फटिक,
दोन डायोड, मूठभर रेझिस्टर.
आणि अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात:
ही चिप आधी प्रोग्रॅम केलेली हवी.
कशाने?
मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात काढली मी,
तिथेही कधीकधी रात्रपाळीत हाच किडा डोक्यात वळवळायचा:
गावात पहिला फोन आला, तेव्हा त्याने कुणाला फोन लावला असेल?

जुंबेरच्या गिरणीत एक संगणक आहे,
पिठाने म्हातारा झालेला,
पाठीला पंचवीस भोकांचा तो जुना सांधा.
त्यात पावत्यांचा प्रिंटर अडकवलेला.
अर्धा तास, जुंबेर म्हणाला, बाहेर लोक मका घेऊन उभे आहेत.

रात्री चुलीपाशी बसून मी केबल जोडली होती.
पाच तारा, चार रेझिस्टर, लांबी वीतभर.
त्याहून लांब केली तर शब्द वाटेतच सांडतात.
डाग पडला एतेरीच्या मेजपोसावर, तो अजून आहे.

आणि घाईत एक खूण चुकली.
मी चिपला सांगून बसलो, बाहेरच्या ठोक्यावर चाल,
आणि बाहेर ठोका द्यायला कुणीच नाही.
ती गप्प.
पुन्हा हाक मारली. गप्प.
जुंबेर तराजू सोडून आला. मेली का?
नाही रे, ताल धरायला कुणीतरी हवंय तिला.
डबीतला स्फटिक काढला, चिमट्यात धरून
तिच्या दोन पायांना टेकवला,
हात कापत होता, रांगेतल्या बाया बघत होत्या,
आणि पडद्यावर एक ओळ उमटली.
बोलली, मी म्हणालो, कुणालाच नाही.
जुंबेरने प्रिंटर पुन्हा लावला,
थांबलेली पावती फुर्रकन बाहेर आली.

ती चिप आता प्रोग्रॅमर झाली.
घरी नातवाच्या लॅपटॉपला लावली,
तिने आपल्या जुळीला एका दमात सगळं शिकवलं.
दिवा लागला. विझला. लागला.
सतरा अंडी मी पेन्सिलीने खुणा करून मांडली
आणि दिवसातून तीनदा कुशीवर वळवत राहिलो,
कारण ते काम चिपला सांगायला मोटर नव्हती.

गिरणीतली केबल मी परत आणली नाही.
जुंबेरने ती तराजूशेजारी खिळ्याला टांगली आहे.
कुणी विचारलं तर म्हणतो, माझी आहे,
मक्याच्या पिठाची एक पिशवी घ्या, मग वापरा.

विसाव्या रात्री वीज गेली.
गाडीची बॅटरी खोक्याला होती,
पण मी तरी रात्रभर हात लावून बघत राहिलो.

एकविसाव्या दिवशी पोस्टातली नार्गिझा दारात,
निळ्या प्रोग्रॅमरचं पाकीट घेऊन.
सही करताना मी तिला म्हणालो, जरा गप्प राहा.
आतून टकटक येत होती.
दुसरी. मग थोड्या वेळाने तिसरी, वेगळ्या कोपऱ्यातून.

अकरा निघाली. सहा नाही.
एतेरीने न फोडलेलं पाकीट तळहातावर तोललं.
अंड्याहून हलकं आहे, म्हणाली,
आणि पाणी ठेवायला बशी शोधायला गेली.